कोंबडा त्यांचा, अंगण आमचं: तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती, बेसा

नमस्कार मंडळी. आमच्या मागच्या अंगणात ५ कोंबड्या आहेत, ३ गावरान आणि २ गिरिराज. सकाळी खुराडं उघडायचं, कणी-ज्वारी टाकायची, दुपारी अंडी उचलायची, एवढाच दोन वर्षांचा व्याप. या दिवाळीपासून मागच्या गल्लीतला एक कोंबडा आमच्या भिंतीवर येऊन बसायला लागला. पहिले आठ दिवस नुसता बसायचा. मग खाली उतरला. आता सकाळी येतो, कोंबड्यांच्या आधी दाण्यावर हात मारतो, दुपारी तुळशीच्या ओट्याच्या सावलीत लवंडतो आणि दिवेलागणीला भिंतीवरून परत जातो. पोरांनी त्याचं नाव जावई ठेवलंय. लाल-काळा आहे, तुरा एका बाजूला कललेला, डाव्या पायाचं मागचं बोट वाकडं.

त्रास असा की दाणा जवळजवळ दीडपट लागतोय आणि एका कोंबडीच्या पाठीची पिसं पार गेलीत, गुलाबी कातडी दिसते. मागच्या काकूंना सांगायला गेले तर म्हणाल्या, "अवो, तो आमचा नाहीच. कुठून आला देव जाणे. आम्ही फक्त कधी शिळी पोळी टाकतो." त्यांच्या बाजूच्या घरी विचारलं. ते म्हणाले, काकूंचाच आहे. म्हणजे सगळ्या गल्लीत फिरणारा, पण तक्रार घेऊन गेलं की कोणाचाच नसलेला असा हा प्राणी आहे.

तुम्ही असं कधी निस्तरलंय का? काय केलं, काय फसलं, सगळं लिहा. "कापून खा" हे सुचवणारे येणारच, ते मला माहीत आहे, नागपूरच आहे हे. पण त्यांनी पुढचंही लिहावं, शेजाऱ्याशी नंतर काय झालं ते.

गच्चीवाली, गोधनी

जाळी लावा, पण ताठ लावू नका. आम्ही हीच चूक केली. भिंतीवर लोखंडी अँगल ठोकून तीन फूट कोंबडीजाळी ताणून बसवली, साडेचार हजार गेले. दुसऱ्या दिवशी महाशय जाळीच्या वरच्या तारेवर बसून आरवत होते. त्यांना आम्ही उंच जागा करून दिली होती, दुसरं काय.

कोंबडा एका झेपेत भिंत ओलांडत नाही. आधी वर टेकतो, अंदाज घेतो, मग पलीकडे उतरतो. टेकायला जागाच नसेल तर येत नाही. मग वरची तार काढून टाकली आणि जाळीचा वरचा हातभर भाग सैल सोडला, झोळीसारखा. दोनदा आला, पाय ठेवला, जाळी लचकली, फडफडत मागे पडला. तिसऱ्यांदा आला नाही. शेतात लावतात ती नायलॉनची जाळी असली तरी चालते. उन्हाळ्यात त्यावरच हिरवं नेट टाकायचं, कोंबड्यांना सावली होते.

आणि हो, पंख कापायचा सल्ला कोणी देईलच. एका पंखाची लांब पिसं कापली की तोल जातो आणि उडता येत नाही, हे खरं आहे, दुखतही नाही. पण ते आपल्या कोंबडीचं करा. दुसऱ्याच्या कोंबड्याला कात्री लावली तर तो भिंतीवरचा वाद राहत नाही.

भाऊ, हिंगणा रोड

आमच्या इथं तर उलटं झालं राजेहो. कोंबडा शेजारच्याचा, पण माह्या कोंबड्या त्याच्या घरी जाऊन अंडे देऊन राह्यल्या! पंधरा दिवस मले वाटे का कोंबड्यायनं अंडं देनंच बंद केलं. मी लेयर मॅश बदलली, शिंपल्याचा चुरा आनला, डॉक्टरले इचारलं. मंग एक दिवस शेजारची वहिनी हसत हसत म्हने, भाऊजी, तुमच्या कोंबड्या आमच्या लाकडाच्या ढिगात बसतात बरं. पंधरा दिवस ऑम्लेट खाल्ले त्याहिनं. आता बोला.

सून, मानेवाडा

माझा प्रश्न कोंबड्याचा नव्हता, सासूबाईंचा होता. त्या अंडं खातात ते फक्त "निर्जीव" असेल तर. कोंबडा नाही म्हणून घरची अंडी त्यांना चालायची. कोंबडीला अंडं द्यायला कोंबडा लागतच नाही, हे त्यांना मीच पटवून दिलं होतं आणि त्यांनी ते मैत्रिणींनाही पटवलं होतं. मग शेजारचा कोंबडा आला आणि त्यांनी ताटातलं अंडं बाजूला सारलं.

मी म्हटलं, चवीत काही फरक नाही, पोषणात नाही. थंडीच्या दिवसांत रोज उचललेलं अंडं फलित असलं तरी खाणाऱ्याला कळतही नाही. बलकावरच्या पांढऱ्या ठिपक्याभोवती एक बारीक कडं दिसतं, इतकाच फरक. हे सगळं जानेवारीत खरं होतं.

एप्रिलमध्ये नागपूरने माझं तोंड बंद केलं. अंडी आम्ही ओट्यावरच्या वेताच्या टोपलीत ठेवायचो, पूर्वीपासून. कूलर हॉलमध्ये, स्वयंपाकघरात दुपारी ३८-३९ अंश सहज. कोंबडी अंडी उबवते ती साधारण साडेसदतीस अंशांवर. म्हणजे माझा ओटाच खुडूक बसला होता! केकसाठी चार दिवसांचं अंडं वाडग्यात फोडलं आणि बलकावर लाल कोळ्याचं जाळं. मध्ये एक टिंब. मी वाडगा हातात धरून तशीच उभी. सासूबाई मागे. त्या काही बोलल्या नाहीत, तेच जास्त झालं.

तेव्हापासून नियम: मार्च ते जून अंडी दिवसातून दोनदा उचलायची आणि सरळ फ्रिजमध्ये. फ्रिजमध्ये वाढ सुरूच होत नाही. आणि कोंबडा यायचा बंद झाला म्हणून लगेच अंडी "निर्जीव" होत नाहीत. कोंबडीच्या पोटात त्याचं बीज दोन आठवडे, कधी तीन आठवडेही टिकतं. आम्ही जाळी लावल्यावर कॅलेंडरवर २१ दिवसांवर टीप केली. बाविसाव्या दिवशी सासूबाईंनी स्वतः ऑम्लेट मागितलं.

एक सांगते. अंड्यात नुसता रक्ताचा ठिपका दिसला तर तो कोंबड्याचा प्रताप नसतो. अंडं तयार होताना कोंबडीची बारीकशी शीर फुटली की तसा ठिपका येतो, दुकानातल्या अंड्यातही सापडतो. जाळं आणि ठिपका यात फरक आहे.

रात्रपाळीवाला, वाडी

मी बुटीबोरीला कामाला. रात्रपाळी करून सकाळी साडेसातला घरी येतो. माझं दुखणं पहाटेच्या आरवण्याचं नाही, आठ ते बाराच्या आरवण्याचं आहे. लोकांना वाटतं कोंबडा पहाटे एकदा बांग देतो आणि गप्प बसतो. ज्याने हे लिहून ठेवलं त्याच्या शेजारी कोंबडा नसणार.

आमच्या शेजाऱ्याकडे दोन होते. मोठा कोंबडा खणखणीत, लहान अगदी मुका. मी हातापाया पडून मोठ्याला त्यांच्या गावी, काटोलकडे, पाठवायला लावलं. बसचं भाडं मी दिलं (कोंबड्याचं वेगळं तिकीट घेतलं का ते विचारू नका). पहिल्या रात्री शांतता. दुसऱ्या दिवशी सकाळी लहान्याने तोंड उघडलं, आणि आवाज पहिल्यापेक्षा चढा. नंतर वाचलं की जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या लोकांनी यावर अभ्यासच केलाय. २०१३ मध्ये त्यांनी दाखवलं की कोंबड्याच्या अंगात घड्याळ असतं, उजाडायच्या आधीच तो आरवतो, उजेड दिसायची वाट पाहत नाही. पुढे २०१५ मध्ये दाखवलं की एकत्र राहणाऱ्या कोंबड्यांत मोठ्या मानाचा आधी आरवतो, बाकीचे रांगेत. मी मोठ्याला हटवून लहान्याला बढती दिली होती.

शेवटी उपाय बिनपैशाचा निघाला. शेजारच्या आजींनी माझ्या झोपेच्या वेळी कोंबडा डालग्याखाली, म्हणजे पालथ्या टोपलीखाली, झाकायला सुरुवात केली. डालगं बुटकं पाहिजे. आरवायला त्याला मान उंच ताणावी लागते, ती ताणता आली नाही की आवाज अर्ध्यावर येतो. मात्र हवा खेळती पाहिजे आणि उन्हाळ्यात हे करू नये, जीव घुसमटेल. मी उठलो की आजी डालगं उचलून त्याला परसाच्या लांबच्या टोकाला सोडतात. मी त्यांना महिन्याला बुटीबोरीहून येताना पाच किलो कणी आणून देतो. चार वर्षं झाली.

नागपुरी बाबू, महाल

कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटतंच, ही म्हण आजींना सांगू नका म्हणजे झालं.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, सेमिनरी हिल्स

पिसं आणि दाणा यांची सगळ्यांना काळजी आहे, रोगाची कोणी विचारली नाही म्हणून लिहितो.

भटका कोंबडा दिवसभरात पाच अंगणं फिरतो. पाच ठिकाणची विष्ठा तुडवून सहाव्या ठिकाणी दाण्याच्या ताटात पाय देतो. विदर्भात परसातल्या कोंबड्यांचा मोठा शत्रू म्हणजे मानमोडी, म्हणजे राणीखेत. हिरवी हगवण, तोंड उघडं टाकून श्वास, मग मान वळते. एकदा शिरली की आठवड्यात खुराडं रिकामं. यावर औषध नाही, लसच आहे. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि सहा ते आठ आठवड्यांची झाली की आर-टू-बी लस टोचून. तुमच्या कोंबड्या विकत आणलेल्या तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) असतील तर आधी काय दिलंय ते विक्रेत्याला विचारा, तो "सगळं दिलंय" म्हणाला तर काहीच दिलं नाही असं समजून डॉक्टरांना दाखवा.

आता अडचण. लसीची कुपी शंभर डोसांची वगैरे येते. तुमच्या कोंबड्या ५. एकदा पातळ केली की बर्फात ठेवून तासा-दोन तासांत संपवावी लागते, उरलेली उद्याला चालत नाही. म्हणून लोक टाळतात. माझ्या नोकरीत मी एक पाहिलं: जिथे कोणी एकाने गल्लीत निरोप फिरवला, "रविवारी सकाळी सातला लस आहे, आपापली कोंबडी घेऊन या", तिथे मालक नसलेल्या कोंबड्यांनाही मालक सापडतात. काखेत कोंबडा घेऊन माणूस येतोच. नाव-गाव वहीत लिहिलं जातं, मग पुढच्या तक्रारीला पत्ता मिळतो.

तोवर त्या पाहुण्याला हातात धरून एकदा पाहा. पंखाखाली आणि शेपटीखाली पिसं फुंकर मारून बाजूला करा. पिसांच्या बुडाशी पांढरट गोळे चिकटलेले दिसले तर ती उवांची अंडी. तुमच्या कोंबड्यांनाही झालीच आहेत असं धरा. राख आणि बारीक मातीचा खड्डा करून द्या, त्या स्वतः लोळतात, पुष्कळ आराम पडतो.

तुमच्या त्या एका कोंबडीची पाठ का गेली, तेही सांगतो. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या असाव्या लागतात. पाचच असल्या की सगळा भार पाचांवर, त्यातही त्याची एक लाडकी असते.

काटोल रोडवरून

वरच्या काकांच्या बोलण्याला जोडून. २०२४ च्या शेवटी गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात ३ वाघ आणि १ बिबट्या बर्ड फ्लूने गेले, आठवत असेल. आम्ही तिथून जवळच राहतो. त्या जानेवारीत मी माझ्या ८ कोंबड्या महिनाभर खुराड्याबाहेर काढल्या नाहीत, चपला वेगळ्या, हात धुणं वेगळं. आणि शेजारचा कोंबडा खुराड्याच्या जाळीला चोच लावून आत दाणे टिपत होता! शेजाऱ्याला तीनदा सांगितलं. तो म्हणाला, कोंबड्याला समजावून सांगा. बोलणं तेव्हापासून बंद आहे, कोंबडा मात्र येतो.

शिवणवाली, दिघोरी

पाठ उघडी पडलेल्या कोंबडीला झबलं शिवा. हसू नका, माझ्या तिघी घालतात.

जुन्या जीन्सचा मांडीचा भाग घ्यायचा, कापड जाड आणि दुपदरी पाहिजे. मानेपासून शेपटीच्या बुडापर्यंत साधारण एक वीत आणि चार बोटं, रुंदी पाठीवरून दोन्ही पंखांच्या मुळापर्यंत. आकार वडाच्या पानासारखा, मानेकडे निमुळता. वरच्या टोकाला दोन इलॅस्टिकचे फासे, बोटभर रुंदीचे, एक एका पंखातून घालायचा, दुसरा दुसऱ्या. पाळण्यातल्या पोराला अंगडं घालतो तसं. फासा सैल असेल तर पाय अडकतो, घट्ट असेल तर पंखाखाली काचतो. आपली दोन बोटं आत जायला पाहिजेत. घातल्यावर पहिला अर्धा तास ती उलटी उलटी चालते, भिंतीला धडकते, जमिनीवर लोळते. घाबरू नका, विसरते.

आत जखम असेल तर आधी हळद-तेल नको, मिठाच्या कोमट पाण्याने धुवा, कोरडी करा, आणि तिला चार दिवस वेगळी ठेवा. लाल दिसलं की बाकीच्या कोंबड्या टोचतात, कोंबड्यापेक्षा त्याच वाईट. पिसं परत यायला वेळ लागतो, माझ्या एकीला पुढची पिसझड होईपर्यंत आलीच नाहीत. मेच्या उन्हात मात्र झबलं काढा, आमच्या नवतपात माणसाच्या अंगावर कापड ठरत नाही तिथं तिचं काय.

पहिलं झबलं घातलेली कोंबडी पाहून कोंबडा तिच्याभोवती एक पंख खाली टाकून गोल गोल फिरला, वर चढला आणि घसरून पडला. मी तेव्हा दारात भाजी निवडत होते. इतकं समाधान मला बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

आई, पारडी

आमचं हसण्यावारी गेलं नाही. माझा मुलगा चार वर्षांचा होता, दाणे टाकायला गेला आणि शेजारच्या कोंबड्याने त्याच्यावर झेप घेतली. पायामागचा काटा डोळ्याच्या अर्धा इंच खाली लागला. दोन टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि सहा महिने पोरगं अंगणात उतरलं नाही. शेजारी म्हणाले, पोराने छेडलं असेल. चार वर्षांच्या पोराने.

जे शिकले ते सांगते. अशा कोंबड्याकडे पाठ करून पळायचं नाही, पळालं की तो जिंकला. त्याच्याकडे सरळ, सावकाश चालत जायचं, तो बाजूला होईपर्यंत. हातात सूप किंवा बादली ढालीसारखी. लाथ मारायची नाही, त्याला ती झुंज वाटते आणि रोज येतो. लहान मुलांना तो अंगणात असेपर्यंत एकटं सोडायचंच नाही. बाकी उपाय मोठ्यांसाठी आहेत.

बदलीवर आलेला, मनीषनगर

एक वेगळी गोष्ट. चंद्रपूरकडून बदली होऊन आलो तेव्हा माझ्या तलंगांमध्ये एक उंच, ताठ मानेचा कोंबडा शिरला. तुरा कापलेला, मांड्या उघड्या, पायाला दोऱ्याचा वळ. चंद्रपूर-गडचिरोलीकडे कोंबडबाजार पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही, असील होता, झुंजीचा. मी त्याला हाकललं नाही आणि धरलंही नाही. पाचव्या दिवशी मोटारसायकलवर दोन पोरं आली. "काका, लाल कोंबडा दिसला का?" मी म्हटलं, नाही. तो तेव्हा माझ्या कूलरच्या मागे उभा होता आणि नेमका तेव्हाच गप्प राहिला.

कोंबड्यांची झुंज लावणं १९६० च्या प्राणी छळ प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. मी तक्रार केली नाही, पोरांची तोंडं पाहिली होती. कोंबडा एका ओळखीच्याच्या शेतावर दिला, एकटाच ठेवला आहे. दुसरा कोंबडा दिसला की तो थांबत नाही, एवढं लक्षात ठेवा. तुमच्याकडे स्वतःचा कोंबडा असेल आणि असा पाहुणा आला तर दोघांच्या मध्ये हात घालू नका, वरून पोतं टाका.

मास्तर, नंदनवन

"कापून खा" वाल्यांच्या वतीने पुढचं मी लिहितो, कारण आमच्या घरी ते झालंय.

मी आठवीत असेन. वडिलांचा वाफा, त्यात वांगी-मेथी. शेजारच्यांचा कोंबडा रोज उकरायचा. वडिलांनी चारदा सांगितलं, पाचव्यांदा रविवार होता. आईने सावजी मसाला वाटायला नकार दिला, म्हणून वडिलांनी स्वतः वाटला. रस्सा इतका तिखट झाला की आम्ही भावंडं रडत जेवलो, आणि मला आजही नक्की सांगता येत नाही की तिखटाने की कोंबड्यासाठी. पिसं मागच्या विहिरीजवळ पुरली. कुत्र्याने ती तिसऱ्या दिवशी उकरून शेजारच्यांच्याच ओसरीवर नेऊन टाकली.

भांडण झालं नाही. शेजारच्या बाई फक्त आईला म्हणाल्या, "सांगितलं असतं तर मीच कापून दिला असता, अर्धा-अर्धा." पुढे नऊ वर्षं त्या घरातून पोळ्याच्या दिवशी येणारं पुरणपोळीचं ताट आलं नाही. तान्ह्या पोळ्याला पिवळी मारबत, म्हणजे गावाची पीडा घेऊन जाणारा मोठा पुतळा, गल्लीच्या तोंडावरून जायची, लोक ओरडायचे, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत", आणि आई आमच्याकडे न बघता वडिलांकडे बघायची.

आजच्या पोरांसाठी: दुसऱ्याचं जनावर मारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा धरला जाऊ शकतो. पण आईची ती नजर त्यापेक्षा जड होती.

कोराडीहून

माझं मत वेगळं पडेल. मी वर्षभर शेजारच्या कोंबड्याच्या नावाने बोटं मोडली आणि शेवटी शेजाऱ्यांनी तो विकला. सव्वा महिन्यात मुंगसाने माझ्या तीन कोंबड्या नेल्या, भर दुपारी.

तेव्हा आठवलं की तो दाणे आधी स्वतः खायचा नाही. चोचीत उचलायचा, टाकायचा, कुक-कुक करून कोंबड्यांना बोलवायचा आणि बाजूला उभा राहायचा. वर घार किंवा शिक्रा दिसला की त्याचा आवाज एक, बारीक आणि लांब, कोंबड्या जागच्या जागी थिजायच्या. जमिनीवर मांजर-मुंगूस दिसलं की दुसरा, तुटक-तुटक, आणि सगळ्या उंचावर. मी स्वयंपाकघरातून नुसत्या आवाजावरून सांगायचे, काठी घेऊन जायचं की वर बघायचं. हे मी तेव्हा त्रासात मोजलं होतं.

आता मीच एक कोंबडा पाळलाय. पलीकडच्या बाई परवा आल्या होत्या. म्हणाल्या, तुमचा कोंबडा आमच्याकडे येतो.

भाऊ, हिंगणा रोड

काकू, तुम्ही म्हनाले का नाई, "आमचा नाहीच तो"?

कोराडीहून

म्हटलं ना. तोंडातून निघूनच गेलं.

धागाकर्ती, बेसा

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय, मध्ये बरंच झालं.

लाडकीला जीन्सचं झबलं शिवलं, दिघोरीच्या ताईंच्या मापाने. पहिला फासा घट्ट झाला, दुसऱ्यांदा जमलं. लसीचा निरोप गल्लीत फिरवला. रविवारी सातला ११ घरांतून ४३ कोंबड्या आल्या, आमच्या गल्लीत इतक्या कोंबड्या आहेत हे मला माहीत नव्हतं. जावयाला कोणी आणलं नाही. तो आपल्या पायाने आला, भिंतीवरून. डॉक्टरांनी त्यालाही टोचलं. वहीत मालकाच्या रकान्यात काय लिहू म्हणाले. मागच्या काकू समोरच उभ्या होत्या, आभाळाकडे बघत. मी रकाना मोकळा ठेवायला सांगितलं.

जाळी आणायच्या आधीच एक गावरान खुडूक बसली. मी म्हटलं, बसू दे. थंडी संपत होती, ऊन अजून चढलं नव्हतं. ९ अंडी ठेवली. सातव्या रात्री दिवा घालवून टॉर्चवर धरून पाहिली, ७ मध्ये लाल रेषा, २ कोरी, ती काढून टाकली. एकविसाव्या दिवशी सकाळी ४ आणि रात्रीपर्यंत आणखी २. सातवं टोचा मारून थांबलं, नाही निघालं.

सहाही पिल्लं आता मुठीएवढी झालीत. दोघांच्या डाव्या पायाचं मागचं बोट वाकडं आहे.

काल संध्याकाळी मागच्या काकू आल्या. आधी कधी आमच्या अंगणात आल्या नव्हत्या. पिल्लांकडे बराच वेळ बघत बसल्या, एकाला हातात घेऊन त्याचं बोट चाचपलं. मग म्हणाल्या, "आमच्या कोंबड्याचीच आहेत हो ही. आमच्याकडे रीत आहे, कोंबडी तुमची, कोंबडा आमचा, तर पिल्लं बटईने. तीन तुमची, तीन आमची."

मी आत गेले आणि लसीची वही आणि पेन घेऊन आले.